मैदान वाटून घेणारे भाऊ

श्री. दत्ताराम मेस्त्री, म्हणजे आपल्या उपनगर लीगमधल्या सगळ्यांचे भाऊ, यांना मी पहिल्यांदा पाहिले ते पाठमोरे. अंधेरीतल्या एका शाळेत लीगची वार्षिक बैठक भरली होती. घाटकोपरच्या आमच्या वसाहतीतल्या मुलांनी ‘प्रज्ञादीप’ नावाचा संघ उभा केला होता आणि मी त्याचा कप्तान या नात्याने प्रवेश मागायला आलो होतो. आम्ही मागच्या बाकांवर अंग चोरून बसलो होतो. घरातून निघताना आईने इस्त्री केलेला शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

अडचण नियमाची होती. ज्या संघाला स्वतःचे मैदान नाही, त्याला लीगमध्ये घेता येत नसे. आम्ही रस्त्याकडेच्या मोकळ्या पट्टीवर सराव करायचो. मैदान आणणार कुठून? एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “आज यांना घेतलं, तर उद्या कुठल्याही वस्तीतली पोरं बॅट घेऊन दारात उभी राहतील.” वर्गात कुणी हसले नाही, पण कुणी त्यांना अडवलेही नाही.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक रुंद पाठ उभी राहिली. भाऊ तेव्हा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते आणि मुलुंडच्या ‘पारिजात’ क्लबचे कप्तान होते. ते म्हणाले, “मैदान नाही, एवढंच ना? मग आमचं घ्या. पारिजातचं मैदान आजपासून यांचंही.”

अध्यक्षांनी विचारले, “मेस्त्री, तुमच्या क्लबला विचारलंत का?”

“विचारतो की. नाही म्हणाले तर मला म्हणतील. यांना कशाला?”

आम्हाला प्रवेश मिळाला. बाहेर आल्यावर मी आभार मानू लागलो, तर भाऊंनी माझ्याकडे नीट पाहिलेही नाही. “रविवारी सकाळी सातला रोलर फिरवायला माणसं पाठव,” एवढेच म्हणाले आणि निघून गेले.

त्या एका वाक्याची भाऊंना काय किंमत मोजावी लागली, हे आम्हाला पुढच्या हंगामात कळले. मैदान वाटून घ्यायचे म्हणजे सरावाचे दिवस वाटून घ्यायचे, मॅट वाटून घ्यायची, पिण्याच्या पाण्याचा माठही वाटून घ्यायचा. पारिजातमधल्या काहींना पहिल्या दोन गोष्टी खटकल्या, काहींना तिसरी. भाऊंचे कप्तानपद गेले. त्यांच्याहून बऱ्याच लहान असलेल्या एका खेळाडूला कप्तान केले गेले आणि वर्षानुवर्षे सलामीला जाणारे भाऊ सातव्या क्रमांकावर गेले. मी एकदा धीर करून त्यांना याबद्दल विचारले. म्हणाले, “सातव्याला बरं असतं रे. चहा शांतपणे पिता येतो.” भाऊंच्या पत्नी सुलभावहिनींनी मात्र मला खूप वर्षांनी सांगितले, की कप्तानपद गेले त्या रविवारी भाऊ घरी येऊन जेवले नव्हते. गॅलरीत बसून बॅटला तेल लावत राहिले होते.

त्याच हंगामात पारिजात आणि प्रज्ञादीप समोरासमोर आले. जेवणाच्या सुट्टीत ते मांडवाखाली बसले आणि आम्ही आमचे डबे घेऊन पलीकडे रोलरजवळ. कुणी कुणाला तसे सांगितले नव्हते, आपोआप झाले. भाऊ आपला डबा उचलून आमच्यात आले आणि मांडी घालून बसले.

“काय आणलंय?”

“सुकट आहे, भाऊ. तुम्हाला चालेल का, म्हणून...”

“अरे झिला, सुकटीक कोण नाय म्हणतलो?” असे म्हणत त्यांनी माझ्याच डब्यात हात घातला. थोड्या वेळाने पारिजातचा यष्टिरक्षक आला, मग आणखी दोघे आले. हंगामाच्या शेवटापर्यंत दोन्ही संघांचे डबे एकाच सतरंजीवर उघडू लागले. सगळेच आले असे नाही. एक-दोघे शेवटपर्यंत आले नाहीत, आणि भाऊंनी त्यांना कधी बोलावलेही नाही.

त्या दिवशी जेवण झाल्यावर भाऊ सातव्या क्रमांकावर फलंदाजीला आले आणि त्यांनी आम्हाला अक्षरशः झोडून काढले. सामना आमच्या हातातून काढून घेतला. हात मिळवताना माझा पडलेला चेहरा बघून म्हणाले, “मैदान दिलंय, मॅच नाही देणार.” मला वाटते, लीगमध्ये आम्हाला खरा प्रवेश त्या वाक्याने मिळाला. उपकार करणारा माणूस सहसा असा खेळत नाही. बरोबरीचा माणूस खेळतो.

भाऊंच्या मायेची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. बोरिवलीच्या एका सामन्यात उसळलेला चेंडू माझ्या जबड्यावर बसला. तेव्हा आमच्याकडे हेल्मेट नव्हते. भाऊ त्या सामन्यात पंच होते. पांढरा कोट अंगात तसाच ठेवून त्यांनी मला रिक्षात घातले आणि इस्पितळात नेले. जबडा तारांनी बांधल्यामुळे मला चावता येत नव्हते. रोज संध्याकाळी कारखान्यातून सुटल्यावर भाऊ मुलुंडला घरी जायचे आणि वहिनींनी केलेली उकड्या तांदळाची पेज घेऊन यायचे. माझी आई संकोचून म्हणाली, “भाऊ, रोज कशाला त्रास घेता?” भाऊ म्हणाले, “त्रास तुमच्या सुनेला. मी नुसता हमाल.” आपल्या बायकोला त्यांनी सहज माझ्या आईची सून करून टाकले. तेव्हापासून माझी आई सणावाराला सुलभावहिनींची वाट पाहू लागली, ती थेट अखेरपर्यंत.

जबडा बरा झाला, पण मनात भीती बसली. चेंडू उसळला की डोळे आपोआप मिटायचे. मी बॅट सोडायची ठरवली. भाऊंनी भाषण दिले नाही. आपल्या इमारतीच्या आवारात बोलावले, टेनिसचा चेंडू बादलीत बुडवला आणि ओला करून सिमेंटवर आपटत माझ्या तोंडाच्या उंचीला फेकायला लागले. वरून वहिनी ओरडल्या, “अहो, त्याचा जबडा आत्ताच बसलाय!”

“म्हणूनच टेनिसचा घेतलाय!” भाऊ खालून ओरडले.

कित्येक रविवार हे चालले. चेंडू चुकला की ते खेकसायचे आणि बॅटवर नीट बसला की गप्प राहायचे. कौतुक करणे त्यांना कधीच जमले नाही. त्यांच्या गप्प राहण्यालाच आम्ही शाबासकी समजायला शिकलो.

पुढे भाऊ लीगचे सचिव झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत आपल्या लीगवर सर्वांत मोठे संकट आले. एका मैदानावर मेट्रोच्या कामाचे पत्रे लागले, दुसऱ्यावर इमारत आली, तिसऱ्याचे फाटक एक दिवस बंद झाले ते पुन्हा उघडलेच नाही. एकट्या मुलुंडच्या मैदानावर सगळे सामने बसेनात. लीग वर्षभर बंद ठेवावी, असे बहुतेकांचे मत पडले. भाऊ म्हणाले, “एकदा थांबली तर पोरं दुसरीकडे रमतील. मग हाका मारत बसावं लागेल.” दुसऱ्याच दिवशी ते मला घेऊन बोरिवलीहून फेरीबोटीने गोराईला गेले.

तिथे पास्कल नावाचे शेतकरी त्यांच्या ओळखीचे होते. भात कापून झाल्यावर त्यांचे शेत मोकळे पडलेले असे. जमीन टणक होती, कडेला माड होते. पास्कलकाका सगळे ऐकून घेऊन म्हणाले, “शेत घ्या. पण आमची पोरं नुसती बघत बसणार नाय. त्यांची पण टीम घ्या.”

भाऊ माझ्याकडे वळले. “काय रे मिलिंदा, घ्यायची का यांची टीम?”

मला अंधेरीतली ती बैठक आठवली. मी हसलो आणि भाऊही हसले. धसकटे काढायला गोराईची मुले आणि आमची मुले एकत्र लागली, मॅट ठोकली गेली आणि तो हंगाम खाडीपलीकडे रंगला. सामन्याची वेळ भरती-ओहोटी बघून ठरायची, कारण शेवटची षटके लांबली तर परतीची बोट गाळात अडकायची. गोराईच्या नव्या संघाने पहिल्याच सामन्यात कुणाला हरवले असेल? भाऊंच्या पारिजातला. पारिजातची मंडळी चरफडत होती आणि भाऊ बांधावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. तो संघ आजही आपल्या लीगमध्ये खेळतो आहे.

हे सगळे वाचून कुणाला भाऊ फार सौम्य वाटतील, तर तसा गैरसमज नको. उशिरा आलेल्या खेळाडूला त्यांनी कधी मैदानात उतरू दिले नाही, मग तो कितीही मोठा असो. पंचांकडे वळून हातवारे करणाऱ्याला ते सीमारेषेवरूनच नावानिशी झापायचे. हल्लीचे रंगीत कपडे आणि प्रत्येक चौकाराला वाजणारे कर्णे त्यांना मुळीच आवडत नाहीत. “लग्न आहे की मॅच?” असे ते अजून विचारतात आणि लीगचा आताचा सचिव या नात्याने ते सगळे मलाच ऐकून घ्यावे लागते.

गेल्या वर्षी भाऊंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. आता मैदानावर येणे पूर्वीसारखे होत नाही. या गौरवग्रंथाची कल्पना सांगायला मी मागच्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते वॉकर धरून गॅलरीपर्यंत चालण्याचा सराव करत होते. वहिनी मागे उभ्या होत्या. मी म्हटले, “भाऊ, पंच्याहत्तर झाली. आता आम्हाला शंभर बघायची आहेत.”

भाऊ थांबले, दम घेतला आणि म्हणाले, “मेल्या, आकडा सांगू नको. नव्वदीत गेलो की मी नेहमी घाबरून आउट व्हायचो. एकेक बॉल खेळू दे.”

म्हणून भाऊ, या शुभेच्छांत मी कुठलाही आकडा लिहीत नाही. तुमचा गुडघा लवकर बरा होवो, वहिनींची साथ आणि त्यांच्या हातची पेज तुम्हाला अशीच लाभो, आणि आम्हाला झापण्याइतका दम तुमच्या छातीत कायम राहो. तुम्ही सावकाश खेळा. आम्ही सगळे समोरच्या टोकाला उभे आहोत.