ताई पेशंट व्हायच्या तेव्हा

सुनंदाताई गेल्याचं कळलं तेव्हा मी दौंडहून वरवंडला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसले होते. सकाळचं धुकं उसावर अजून रेंगाळत होतं. फोन आमच्या वॉर्डातल्या अटेंडंट सलीमभाईंचा. "सिस्टर, ताई गेल्या. न्हावऱ्याला, घरी झोपेतच." एवढंच बोलून त्या धिप्पाड माणसानं फोन ठेवला. मी फोन कानाला तसाच धरून बाहेर बघत राहिले. ऊस मागे सरकत होता, आणि मला वाटत होतं, गाडी अशीच चालत राहावी, वरवंड येऊच नये... आलंच नाही तर ताईही गेलेल्या नसतील. आता महिना उलटून गेला. तरी त्या रस्त्याला लागलं की अजून असंच काहीबाही मनात येतं.

वरवंडपासून आत, उसाच्या फडांमध्ये आमचं मनोरुग्णालय आहे. ताई तिथल्या मुख्य परिचारिका, आणि आम्हा सगळ्यांना शिकवणाऱ्याही. काय शिकवायच्या, तर चिडलेल्या, भेदरलेल्या पेशंटशी हात न उचलता कसं वागायचं ते. एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी मागे राहायचं, आवाज खाली ठेवायचा. ताईंचे आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेले; वडील न्हावऱ्यात शेती करून स्थिरावले. त्यावरून कुणीतरी चेष्टा केली, "ताई, मेंढरं वळायचीच विद्या म्हणायची की ही!" ताई हसत म्हणाल्या, "आजोबांच्या हातात काठी असायची. तू इथं काठी आणलीस तर आधी तुलाच वळवून घरी धाडीन." बोलायला फटकळच होत्या. मला त्यांची भीती वाटायची, आणि त्या रजेवर गेल्या की करमायचंही नाही.

मग एके वर्षी सलीमभाईंचं नाक फुटलं. आप्पा म्हणून आमचे एक वयस्क पेशंट होते. त्यांनी इंजेक्शनच्या वेळी सलीमभाईंच्या तोंडावर डोकं मारलं. अटेंडंट मंडळी खवळली. 'पेशंटला बांधा, नाहीतर आम्ही चाललो,' म्हणू लागली. वरिष्ठांनी काठीवाले गार्ड आणायचं जवळपास ठरवलंच होतं. ताईंनी त्यांच्याकडून थोडी मुदत मागून घेतली आणि जेवणानंतर डायनिंग हॉलमध्ये रोज वर्ग सुरू केला. त्यात त्या स्वतः पेशंट व्हायच्या आणि आम्ही त्यांना शांत करायचं. नाकावर पट्टी लावलेले सलीमभाई हाताची घडी घालून म्हणाले, "नाटकानं काय व्हतंय ताई?"

वर्गाच्या तिसऱ्या आठवड्यातली ती दुपार मला अजून स्वप्नासारखी दिसते. लिंबाची सावली फरशीवर हलत होती, लांबून कुठूनतरी ट्रॅक्टरवरची गाणी येत होती... आणि ताई भिंतीला पाठ लावून किंचाळत होत्या, "मला घरी जाऊ द्या!" त्या दिवशी पाळी असलेले आम्ही चौघं शिकलेलं सगळं विसरून एकदमच बोलत त्यांच्याकडे सरकलो. तेवढ्यात चहाची किटली घेऊन आप्पा आले. बरं वाटायला लागल्यापासून ते किचनमध्ये मदत करायचे. हे नाटक आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! त्यांनी किटली ठेवली, आम्हाला हातानं मागे केलं आणि ताईंपासून लांब, खाली फरशीवर बसले.

"भिऊ नगं बाय," ते हळू आवाजात म्हणाले. "ही मान्सं वंगाळ न्हाईत. समदी एकदम अंगावर आली की वाटतं, जीव घ्यायलाच आलीत. मला बी तसंच वाटलं व्हतं."

ताईंचं नाटक तिथंच संपलं. त्या खरंच रडायला लागल्या. मग डोळे पुसून त्यांनी आप्पांना खरं काय ते सांगितलं. "आधी सांगायचं न्हाई व्हय?" म्हणून आप्पा भडकले. ताईंनी माफी मागितली. सलीमभाईंनी रोजची हाताची घडी सोडली, आप्पांना चहा ओतून दिला. गार्ड आले नाहीत. आप्पाही पुढे बरे होऊन घरी गेले.

यंदा ते पुन्हा दाखल झाले होते. फोन आला त्या सकाळी मी पोचले तर ते बाकावर बसून ताईंची वाट बघत होते. नवी सिस्टर कुजबुजली, "रजेवर आहेत सांगू या का?" मलाही तेच सोपं वाटलं, हे कबूल करते. ताईंशिवायचा पहिलाच दिवस. वॉर्ड बिघडला असता तर गार्डचा विषय लगेच निघाला असता. पण सलीमभाई एकटेच पुढे गेले आणि थोडं अंतर ठेवून खाली बसले.

"आप्पा, वाईट बातमी हाय. आपल्या ताई गेल्या."

आप्पांनी हातातला स्टीलचा ग्लास भिंतीवर भिरकावला. "खोटं!"

"खोटं असतं तर लय बरं झालं असतं, आप्पा."

ग्लास घरंगळत कॉटखाली जाऊन थांबला. सलीमभाईंनी बसल्या जागेवरूनच विचारलं, "जवळ येऊ का?"

"ये. पर मला धरू नगंस."

सलीमभाई शेजारी बसले, हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवून. अचानक आप्पांनीच त्यांचं मनगट पकडलं, नखं रुतेपर्यंत घट्ट, आणि हंबरडा फोडला. पूर्वी अशी पकड दिसली असती तर आम्ही चौघंही धावून गेलो असतो. त्या दिवशी वॉर्डात कुणीही जागचं हललं नाही.