हिंदुरावांना रोमन जोडीदार

गंगाधर सरांनी सोलापुरात उभी हयात तत्त्वज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर गौरवग्रंथ लिहायला घेतले. पहिल्या कामाला विद्यार्थी मिळत नव्हते. दुसऱ्याला गिऱ्हाईक तुटत नाही. एकसष्टी झाली की पंचाहत्तरी येते, आणि पुढारी सहसा दोन्ही गाठतात.

ग्रंथ जाडजूड असतो. व्यासपीठावर त्याचं प्रकाशन होतं आणि तिथून तो थेट काचेच्या कपाटात जातो. सरांना आजवर कुणी पान उघडून एक शंकासुद्धा विचारलेली नाही. आपण लिहिलेलं एखादं तरी पान कुणीतरी वाचावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

सरांचा आदर्श म्हणजे एक प्राचीन ग्रीक चरित्रकार. तो आपल्या लहानशा गावातच राहिला. आपण गेलो तर गाव आणखी लहान होईल, असं त्याला वाटे. सरही पुण्याला गेले नाहीत. सोलापूर त्यानंतर भरपूर वाढलं. सरांच्या खोल्या दोनच राहिल्या.

हा ग्रीक चरित्रं जोडीनं लिहायचा. एक ग्रीक, एक रोमन, आणि शेवटी दोघांची तुलना. माणूस लढायांत दिसत नाही, एखाद्या बारीकशा कृतीत दिसतो, असं त्याचं म्हणणं.

यंदा माळशिरसकडचे पुढारी हिंदुराव यांची पंचाहत्तरी आली. बंद पडलेले यंत्रमाग पडत्या भावात घेऊन त्यांनी सोलापुरात बस्तान बसवलं होतं. सरांनी जोडीची कल्पना सांगितली.

"माझी जोडी कुणासंगं लावताय?" हिंदुरावांनी विचारलं.

"रोममधल्या सर्वांत श्रीमंत माणसाशी."

"मग लावा की! इचारायचं काय त्यात?"

तो रोमन शहरात कुठं घर पेटलं की हजर व्हायचा आणि जळतं घर मातीमोलानं विकत घ्यायचा. सरांनी ते लिहिलं. खाली तुलना लिहिली: 'दोघांनीही लोकांच्या आगीवर हात शेकले. रोमन निदान आगीपाशी स्वतः जात असे.'

सरांच्या पत्नी इंद्रायणीबाईंनी मजकूर वाचला.

"अहो, हे छापणार? उद्या घरावर दगड येतील."

"येऊ देत. त्यासाठी आधी कुणाला तरी वाचावं लागेल."

"मी वाचलं ना आत्ता?"

"तू घरची. तुझं वाचन धरत नाहीत."

"माझा स्वयंपाक मात्र धरतात," म्हणत त्या आत गेल्या.

ग्रंथ समारंभाच्या आदल्या दिवशी हिंदुरावांकडे पोचला. सर रात्रभर फोनची वाट पाहत राहिले. फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी मंडप गच्च भरला होता. हिंदुरावांनी माइक हातात घेतला. "सरांनी आमची तुलना थेट रोमच्या राजाशी केली हाय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांच्या गळ्यात हार पडला, अंगावर शाल आली. खाली उतरताना हिंदुराव कानाशी म्हणाले, "फोटो लई झकास आल्यात बरं का."

नंतर पंगतीत सरांना जेवण जाईना. पानावरची जिलबी तशीच राहिली. तेवढ्यात हिंदुरावांच्या पत्नी रंभाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, पुस्तक वाचलं म्या. एक चूक हाय त्यात."

सर दचकले. "कुठं, वहिनी?"

"आमचे मालक पंगतीला वाढत्यात, त्या पानावर. फोटो निघाला की ते बादली दुसऱ्याकडं देत्यात, असं लिवलंय तुमी."

"मग? देत नाहीत?"

"देत्यात की. पर दुसऱ्याकडं न्हाय. माझ्याकडं देत्यात." त्यांनी हातातली आमटीची बादली दुसऱ्या हातात घेतली. "आगीचं लिवलंय ते बराबर हाय. एवढं पुढच्या छपाईत नीट करा."

गौरवग्रंथाला पुढची छपाई नसते. एरवी सरांनी हे तिथल्या तिथं सांगितलं असतं.

"करतो," ते म्हणाले. "आणखी काय चुकलंय, वहिनी?"

"ही पंगत उठू द्या," रंभाबाई म्हणाल्या. "मग बसून सांगते."