बालाघाटच्या गुरुद्वाऱ्यात चार फेरे, एक खिडकी

ऐन लग्नसराईत बाबांचा गुडघा सुजला म्हणून मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटला गेले. नाहीतर नागपूरच्या आमच्या स्टुडिओत बारशी, मुंजी आणि पासपोर्टचे चेहरे काढता काढताच माझे केस पिकले असते. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. बाबांचे जुने स्नेही रामटेकेकाका बालाघाटला एका सरदारजींच्या ट्रकच्या धंद्यात मुनीम होते. ते स्वतः नागपूरला आले आणि बाबांच्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघून माझ्याकडे वळले.

"हे बरंच झालं," ते म्हणाले. "सरदारजीच्या लहान्या पोरीचं लगन आहे. फोटो काढाले बाईच पाह्यजे. आत बायकायत जा लागते."

बाबांच्या दुखण्याला 'बरंच झालं' म्हणणारा माणूस मला आधी मुळीच आवडला नाही. पण पुढचं ऐकलं आणि माझा राग ओसरला.

नवरा मुलगा विलायतेत राहत होता. लग्न करून तो परत जाणार आणि बायकोला मागाहून बोलावून घेणार. त्यासाठी तिथल्या वकिलातीची परवानगी लागायची आणि लग्न खरंच झालं याचा पुरावा म्हणून फोटो द्यावे लागायचे. सरदारजींची थोरली मुलगी हरबन्स हिचंही लग्न असंच विलायतेतल्या मुलाशी झालं होतं. तिच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत नवऱ्याच्या मागे खाली मान घातलेली एक बाई होती, चुन्नी हनुवटीपर्यंत ओढलेली. वकिलातीतल्या साहेबानं विचारलं, यात ती कशावरून? नंतर स्टुडिओत काढलेला जोडीचा फोटो दाखवला, तर म्हणे असा फोटो कुणीही काढून आणेल. हरबन्स माहेरीच राहिली. नवऱ्याची पत्रं आधी दर महिन्याला यायची, मग सणासुदीला, मग तीही थांबली.

"म्हणजे हा फोटो चुकला तर..." मी म्हटलं.

"तं लहानीही इथंच," काका म्हणाले.

बाबांनी पलंगावरूनच कॅमेऱ्याची पिशवी माझ्याकडे सरकवली.

नागपूरहून गोंदिया मोठ्या लाईननं आणि तिथून पुढे छोटी लाईन, असा तेव्हाचा प्रवास होता. आता तिथं मोठी गाडी जाते, त्यामुळे कोळशाचे कण डोळ्यांत जाण्याचा योग तुम्हाला येणार नाही. छोटी गाडी इतकी सावकाश जायची की धानाच्या रिकाम्या बांध्यांतून चाललेली माणसं आमच्याशी बोलू शकत होती आणि बोलतही होती. काकांनी गोंदियाला फलाटावर चणा-पोहे घेऊन दिले. ते झणझणीत होते, पण चवीकडे माझं लक्षच नव्हतं. मी सारखी पिशवी चाचपत होते.

"तुमच्याकडं सात फेरे राह्यतात न बाई?" काकांनी मध्येच विचारलं. "यायच्यात चारच. आमच्याकडं तं फेरेच नाही. बुद्धवंदना झाली, हार घातले, झालं लगन. पन इथं चारच ध्यानात ठेवजा. पाचव्याची वाट पाह्यत बसान."

हे त्यांनी सांगितलं नसतं तर मी खरोखरच पहिले तीन फेरे अंदाज घेण्यात घालवले असते. आमच्या लग्नांत अक्षता पडल्यानंतरही पुष्कळ काही चालू असतं. एखादा फोटो हुकला तर पुढचा मिळतो, आणि अगदीच नाही मिळाला तर भटजींना सांगून पुन्हा हात हातात द्यायला लावतात. इथं तसं कुणालाही काहीही पुन्हा करायला सांगता येणार नव्हतं.

लग्नाच्या आदल्या सकाळी काकांनी मला गुरुद्वाऱ्यात नेलं. तुम्ही कधी गेलात तर डोकं झाका, चपला बाहेर ठेवा आणि हिवाळ्यात फरशी फार गार असते हे लक्षात असू द्या. दिवाण, म्हणजे संगतीनं बसायचं दालन, साधा होता. मधोमध पालखीत गुरू ग्रंथसाहिब, वर चांदवा, बसायला सतरंज्या. मी फ्लॅश काढून दाखवला तसे तिथले ग्रंथी, म्हणजे ग्रंथ वाचणारे, पांढऱ्या दाढीचे शांत गृहस्थ, हात जोडून म्हणाले, "बेटी, लावां के वक्त ये मत जलाना. संगत का ध्यान टूटता है."

लावां म्हणजे लग्नाचे चार श्लोक. एक लांव आधी वाचतात, मग ती गायली जात असताना नवरानवरी ग्रंथसाहिबांभोवती एक फेरी घालतात, आणि पुन्हा माथा टेकतात. ग्रंथींनी मला आणखीही काही सांगितलं. महाराजांकडे, म्हणजे ग्रंथसाहिबांकडे, पाठ करायची नाही. त्यांच्यापेक्षा उंच जागी उभं राहायचं नाही. शक्यतो बसूनच राहायचं.

आमचा कॅमेरा वरून आत बघण्याचा होता. मांडीवर ठेवायचा, मान खाली घालायची आणि काचेवर उलटसुलट चित्र बघायचं. बसून काम करणं जमण्यासारखं होतं. पण उजेडाचं काय? मी तासभर त्या दिवाणात ऊन कुठून येतं ते बघत बसले. पूर्वेला एकच मोठी खिडकी होती. तिचं ऊन पालखीच्या एका अंगाला सतरंजीवर पडत होतं आणि बाकी सगळीकडे करडा अंधार. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात ती दोघं उन्हातून एकदाच, चार पावलं जाणार. त्या चार पावलांत नवऱ्याचा चेहरा, नवरीचा चेहरा आणि मागे ग्रंथसाहिब, सगळं एका चौकटीत यायला हवं. अशा चारच संधी.

काका म्हणाले, "चला, हट्ट्याची बावडी दाखवून आनतो. लोक दूरदूरून येतात." तुम्ही जाल तेव्हा ती बावडी जरूर बघा, दगडी काम सुंदर आहे असं सगळेच सांगतात. मी गेले नाही. मला आधी नवरीला बघायचं होतं.

सरदारजींचं घर ट्रकच्या आवारातच होतं. आत बायका ढोलकीवर गात होत्या, कढईत भजी तळली जात होती. सरदारजींची बायको वारली तेव्हापासून घर त्यांच्या मोठ्या बहिणीनं सांभाळलं होतं. तिला सगळे बुआजी म्हणत. फेऱ्यांच्या वेळी नवरीचा चेहरा उघडा ठेवण्याचा विषय मी काढला तसा बुआजींनी हातातला पिठाचा गोळा खाली ठेवला.

"मुँह खोलके फेरे लेगी? लड़के के बुज़ुर्ग बैठे होंगे. बिन माँ की है, लोग मुझे कहेंगे कि कुछ सिखाया नहीं."

दाराशी उभे असलेले सरदारजी हळूच म्हणाले, "ग्रंथीजी तो कहते हैं, गुरु के सामने घूंघट होता ही नहीं."

"ग्रंथीजी ने इनको पाला है?"

ट्रक ड्रायव्हर ज्यांच्या आवाजानं कापायचे असा हा माणूस बहिणीसमोर पगडी सारखी करत बाहेर निघून गेला. मला बुआजींचा राग आला, आणि वाईटही वाटलं. दोन्ही मुलींना तिनेच वाढवलं होतं, बोल लागणार तो तिलाच.

कोपऱ्यात एक बाई नवरीच्या सलवारीला गोट शिवत होती. तिनं दातानं दोरा तोडला आणि चक्क मराठीत बोलली. "तुमी नागपूरच्या काय? मी हरबन्स. रामटेकेकाकूच्या अंगनात खेळता खेळताच मराठी शिकली मी." तिच्या शेजारी बसलेली धाकटी जीतो हुबेहूब तशीच दिसत होती, फक्त गाल भरलेले. जीतोनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"ताई, बुआजीसंग भांडू नोका," हरबन्स म्हणाली. "तुमी कुठं बसान, तेवढं मले सांगा."

मी सांगितलं. खिडकीसमोर, बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत. तिनं मान हलवली आणि पुन्हा सुई ओवायला घेतली.

लग्नाच्या सकाळी ऊन आलं होतं. याच्याइतकी चांगली बातमी मला त्या दिवशी दुसरी कुणी दिली नसती. मी सगळ्यांच्या आधी जाऊन जागा धरली. दिवाण भरला, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. नवरा केशरी पगडीत, हातात कृपाण. सरदारजींनी त्याच्या खांद्यावरच्या पल्ल्याचं, म्हणजे लांब उपरण्याचं, टोक जीतोच्या हातात दिलं; ते एकदा निसटलं, त्यांनी पुन्हा दिलं. जीतोची लाल चुन्नी हनुवटीच्याही खाली आली होती.

फेऱ्यांच्या वेळी ग्रंथसाहिबांभोवती नवरीचे भाऊ उभे राहतात आणि बहिणीला एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देत पुढे नेतात. जीतोला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून मामेभाऊ, चुलतभाऊ उभे होते. उन्हाच्या जागी एक आडदांड चुलतभाऊ होता.

पहिली लांव. ती दोघं उन्हात आली आणि माझ्या काचेवर फक्त चुलतभावाची पाठ दिसली. मी बटण दाबलंच नाही.

दुसऱ्या फेऱ्याला मी सतरंजीवर बसल्या बसल्या वीतभर सरकले. आता तिघंही दिसत होते, नवरा छान, पालखी छान, आणि मागे लाल कापडाचा एक ढीग. मी फोटो काढला, पण तो हरबन्सच्या लग्नातलाच फोटो होता. शेजारच्या म्हातारीनं माझी डोक्यावरून घसरलेली ओढणी सारखी केली, तेवढंही मला नको वाटलं.

तिसऱ्या फेऱ्याला ढग आला. खिडकीतला उजेड विझत गेला, मी घाईनं भिंगाचं छिद्र मोठं केलं, शटरचा वेग कमी केला, श्वास धरला. चुन्नी तशीच. पुरुषांच्या बाजूला बसलेल्या सरदारजींकडे मी पाहिलं. ते नवऱ्याकडे नव्हे, माझ्याकडे बघत होते. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले.

चौथी लांव वाचली जात असताना माझ्या मागे कुणीतरी उठलं. हरबन्स. बायकांच्या रांगेतून वाकून पुढे गेली, ग्रंथसाहिबांसमोर माथा टेकला आणि चुलतभावाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्यानं गोंधळून जागा दिली. बायकांत कुजबुज झाली. बुआजींनी "हरबन्स!" असं दबक्या आवाजात म्हटलेलं मी ऐकलं. ग्रंथींनी मात्र वाचन जराही थांबवलं नाही. रागी, म्हणजे कीर्तन गाणारे, गाऊ लागले, फेरी सुरू झाली. ढग अजून पूर्ण सरला नव्हता.

भाऊ करतात तसंच तिनं केलं. जीतो जवळ आल्यावर तिचा खांदा धरला, तिला पुढे घेतलं, आणि दुसऱ्या हातानं चुन्नी कपाळापर्यंत मागे सारली. जीतो दचकली आणि तिनं मान वर केली. आणि त्या क्षणी हरबन्सनं सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं, मी बसले आहे ना याची खात्री करायला. मी बटण दाबलं. पुढच्या पावलाला चुन्नी पुन्हा खाली होती.

आला की हलला? धुतल्याशिवाय कळणार नव्हतं. पुढे अरदास, म्हणजे शेवटची प्रार्थना झाली, कडाह प्रसादाचा शिरा वाटला. मी तो ओंजळीत घेतला, त्यातलं तूप मनगटावरून ओघळलं तरी मला भान नव्हतं.

लंगरमध्ये पंगतीत बसले होते, डाळ, रोटी, खीर. तुपाचा हात सढळ, आग्रह त्याहून सढळ. बुआजी स्वतः वाढायला आल्या. माझ्या ताटात त्यांनी न विचारता दुसरी रोटी टाकली आणि चुन्नीच्या टोकानं डोळे पुसत पुढे गेल्या. मग हरबन्स येऊन शेजारी बसली.

"फोटोत मी आली काय?"

"आलात. तुम्ही तर थेट माझ्याकडंच बघितलंत."

"मंग मले कापून टाका."

मला कळेना. ती रोटीचा तुकडा मोडत शांतपणे सांगू लागली. "आमी दोघी एकसारख्या दिसतो. साहेबाले दोन तोंडं दिसली, तं तो म्हनंल यातली नवरी कोन्ती? त्याले इचाराले जागाच ठेवू नोका."

"अहो, पण तुमच्यामुळेच तर..."

"हौ. म्हनूनच सांगून राह्यली न."

मला तिचा राग आला, त्या साहेबाचा आला, पत्रं थांबवणाऱ्या तिच्या नवऱ्याचा आला. रडूही आलं. मी खीर खाल्ली नाही, हे आजही आठवतं, कारण तिनंच ती वाटी उचलून माझ्या हातात पुन्हा दिली होती.

परतीला कटंगीवरून तुमसरची बस धरली. रस्ता खराब होता आणि मी कॅमेरा मांडीवरून खाली ठेवला नाही. नागपूरला पोचल्यावर तशीच काळोख्या खोलीत गेले. बाबा लंगडत दाराबाहेर येऊन बसले.

फोटो आला होता. थोडा मऊ, पण स्पष्ट. पुढे नवरा, मागे पालखी आणि चांदवा, मध्ये जीतोचा वर उचललेला, घाबरलेला चेहरा. आणि तिच्या शेजारी हरबन्स. मी कागदाची पट्टी सरकवत तिला चौकटीबाहेर नेलं. तिचा चेहरा गेला, खांदा गेला. हात मात्र जाईना. तो जीतोच्या कपाळाशी चुन्नी धरून होता, तो कापला तर नवरीचं कपाळही जात होतं. हात राहू दिला आणि फोटो पाठवला.

पुढच्या हिवाळ्यात रामटेकेकाका आले ते पेढे घेऊनच. जीतो विलायतेला पोचली होती. साहेबानं म्हणे फोटो एकदा पाहिला आणि ठप्पा मारला.

"हाताबद्दल काही विचारलं नाही?"

"हाताबद्दल कोन इचारते बाई?"

"आणि हरबन्स?"

"हाये न घरी. आता गाड्यायचं कामकाज तीच पाह्यते." काकांनी पेढ्याचा पुडा बाबांपुढे सरकवला.

बालाघाटहून मी आणलेलं एवढंच. त्या फोटोची न कापलेली प्रत मी माझ्यासाठी काढली आणि ती अजून आमच्या दिवाणखान्यात आहे. साहेबाचं सोडा, आमच्याकडे चहाला येणारी माणसंही तिच्यासमोर उभी राहतात, जरा वाकून बघतात आणि हमखास विचारतात, यातली नवरी कोणती?