मला वाचून दाखवलेलं सर्क्युलर

मागच्या महिन्यात तेलंगणात उटनूरला नव्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला बोलायला उभं केलं. विषय होता, पहिल्या वर्षानं काय शिकवलं. मी सांगितलं: वेळेवर जा, मुलांची नावं पाठ करा, छडी कपाटात ठेवा आणि कपाटाची किल्ली हरवून टाका. लोक हसले, चहा झाला. खरं जे शिकलो ते मी तिथंही गिळलं. आता कागदावर तरी येऊ दे.

माझी पहिली नेमणूक महाराष्ट्राच्या सीमेवरच्या एका गावातल्या मराठी शाळेत झाली. दोन खोल्या. दुसरे गुरुजी कायम डेप्युटेशनवर, म्हणजे मुख्याध्यापक, शिपाई आणि घंटा, तिन्ही मीच. शाळा मराठी, पण मंडल ऑफिसातून, म्हणजे आपल्या तालुका कचेरीसारख्या ऑफिसातून, येणारं प्रत्येक सर्क्युलर तेलुगूत. मला तेलुगू यायचं ते बाजारापुरतं: केवढ्याला, महाग आहे, बस गेली का. वाचायला शून्य. कागद उलटा धरला तरी मला फरक कळत नसे. एकदा धरलाही होता. जॉइन होताना तिथल्या साहेबांनी "तेलुगू येते ना?" विचारलं, तेव्हा मी मान हलवून बसलो होतो. बापानं लोकांच्या शेतात कापूस वेचून शिकवलेलं, घरातला पहिला नोकरीवाला. अशा माणसाच्या तोंडून 'येत नाही' लवकर निघत नाही.

चौथीत एक मुलगी होती. तिचा बाप आदिलाबादेत कापसाच्या जिनिंगवर कामाला असताना ती दोन वर्षं तिथल्या तेलुगू शाळेत बसली होती. आता तिची माय आमच्या शाळेत दुपारचं जेवण शिजवायची. पोरगी तेलुगू खडाखडा वाचायची. मी युक्ती काढली. सर्क्युलर आलं की तिला टेबलापाशी बोलवायचं.

"ये, तुझं वाचन तपासू."

"सर, मराठीचं काऊन तपासत नाही?"

"मराठीचं मला माहीत आहे. वाच."

ती वाचायची आणि अर्थ सांगायची. "हे म्हणते का, पोरांची वजनं लिहून पाठवा."

"बरोबर. दहापैकी दहा."

असं मी मार्क देऊन काम काढून घेत होतो. बाकीची पोरं कुरकुरायची, "तिलेच रोज परीक्षा, आमाले काऊन नाही?"

हरभरा निघायच्या दिवसांत एक सर्क्युलर आलं. ती वाचता वाचता थांबली.

"सर, हे गुरुकुलचं हाय. चौथीतल्या पोरांचे फॉर्म भरा म्हणते. पाचवीपासून तिथंच राहाचं, जेवण, पुस्तकं, समदं फुकट. सर, मी भरू?"

माझ्या मनात त्या क्षणी पहिला विचार आला तो असा: ही गेली तर माझे कागद कोण वाचणार?

"हे आपल्या शाळेला लागू नाही," मी म्हणालो आणि कागद रजिस्टरखाली सरकवला.

"पण सर, वरतं आपल्या शाळेचं नाव हाय."

"ते चुकून आलं."

तिनं रजिस्टरकडे पाहिलं. "दहापैकी किती?"

"दहा."

मला स्वतःला वसतिगृहात घालायला माझे गुरुजी सायकलवर फॉर्म घेऊन गेले होते. ते मला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि मी हजेरी घ्यायला लागलो.

आठेक दिवसांनी आणखी एक कागद आला. ती नेहमीपेक्षा जास्त वेळ वाचत राहिली. मग गंभीर तोंड करून म्हणाली, "सर, हे तुमच्यासाठी हाय."

"काय म्हणते?"

"चौथीतली जे पोरगी तेलुगू वाचते, तिले घेऊन, तिच्या मायले घेऊन, बोनाफाईड घेऊन सरांनी उद्या मंडल ऑफिसात हजर व्हावं. नाही आले तर मेमो."

"असं लिहिलंय?"

"खाली रेघ पण मारली, सर."

कागदावर एका ओळीखाली खरंच रेघ होती. साहेबांना सगळं कळलं! शाळेत कोण कोणाला वाचून दाखवतं, हेसुद्धा!

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसमध्ये. तिच्या मायनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. "सर, आमचा काई गुन्हा झाला काय?" तिनं विचारलं. "बघू," मी म्हणालो. गुन्हेगार मी, आणि 'माफ करा' तेलुगूत कसं म्हणायचं हे मला येत नव्हतं. तेही मी पोरीलाच विचारलं, अर्थात तिचं तपासतोय असं दाखवून.

ऑफिसात मी कागद क्लार्कपुढे ठेवला, हात जोडले आणि म्हणालो, "क्षमिंचंडि."

त्यानं कागद वाचला, मग मला वाचलं. "गुरुजी, इसमें तो बच्चों को जंत की गोली खिलाने का लिखा है. माफी कायकू मांगरे?"

मी पोरीकडे पाहिलं. ती छताचा पंखा पाहत होती. मग पंख्याकडेच पाहत तिनं स्वच्छ तेलुगूत विचारलं, गुरुकुलचा फॉर्म आहे का.

"है ना. आजच आखरी तारीख है."

तेवढ्यात साहेब बाहेर आले. सीमेवरचा नवा मास्तर पोरीला आणि मायला स्वतः घेऊन आलाय, हे पाहून त्यांनी माझी पाठ थोपटली. फॉर्मवर सही कुठं करायची ते मला वाचता येईना. पोरीनं बोट ठेवलं. "इथं, सर."

परतीच्या बसमध्ये ती हळूच म्हणाली, "रागावले काय, सर?"

"खोटं काऊन वाचलं?"

"तुमी खोटं काऊन बोलले?"

मी तिघांची तिकिटं पुन्हा मोजली. "दहापैकी किती, सर?"

"तुझे दहा. माझे विचारू नको."

तिचा नंबर लागला. जायच्या आधी दुपारच्या सुट्टीत तिनं मला तेलुगूची अक्षरं शिकवली, आता उघड उघड. शेवटी परीक्षा घेऊन दहापैकी चार दिले. "मेहनत करा," म्हणाली.

चौथीत आणखी चार मुलं होती. त्यांचे फॉर्म कोणीच भरले नाहीत. ती चौघं प्रवेश परीक्षा पास झाली असती की नाही, ठाऊक नाही. विचारायला तर हवं होतं. पण त्यांना तेलुगू येत नव्हतं, त्यामुळे त्यांना मला फसवता आलं नाही. नव्या शिक्षकांनो, जे येत नाही ते पहिल्याच दिवशी मोठ्यानं सांगून टाका. प्रत्येक पोराला तुमच्याशी खोटं बोलायला जमेलच असं नाही.

पुढं ती नर्स झाली. गावानं तिचा सत्कार केला आणि तिच्यासोबत मलाही शाल-नारळ दिलं. मी घेतलं. मग तिनं माइक हातात घेतला. मी खाली मान घातली. आता सांगते, असं वाटलं. सांगून टाक, असंही वाटलं.

"सर मले बोट धरून मंडल ऑफिसात घेऊन गेले," ती म्हणाली.

टाळ्या झाल्या. मी मान वर केली. मंडपात पंखा नव्हता, तरी ती वरच पाहत होती.