सरकारला दाखवायचा कागद

माझ्या पाठच्या भावाला धर्म आठवतो तो दिल्लीत कायद्याची चर्चा सुरू झाली की. एरवी तो पणदऱ्यात ऊस लावतो, म्हशी सांभाळतो आणि जमलंच तर शुक्रवारची नमाज पढतो. मागं समान नागरी कायद्याचं वारं उठलं तेव्हा मात्र त्याच्या अंगात आलं. छापील कागदांचा गठ्ठा घेऊन तो इंदापूरला माझ्या दारात हजर. कागदावर लिहिलं होतं, आमच्या धर्मानं बाईला बापाच्या मिळकतीत वाटा दिला आहे, आम्ही महिला त्यावर समाधानी आहोत, सरकारनं ढवळाढवळ करू नये.

"आपा, पयली सही तुझी. शिकल्याली बाई वर पायजे," तो म्हणाला.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. चौदावं कलम समानतेचं, पंचविसावं धर्मस्वातंत्र्याचं, हे मुलांकडून घोकून घेते, दोन गुणांसाठी. ही दोन्ही कलमं एकाच घरात राहायला आली तर काय होतं, हे कुणी मला विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. सरकारला आमच्या घरात डोकवायचं कारणच काय, अशा तोऱ्यात मी सही ठोकली. एक प्रत जपूनही ठेवली. मास्तरणीची खोड, दुसरं काय.

पुढं अब्बा गेले. अम्माची इद्दत, म्हणजे नवऱ्यामागं बाईनं घरात बसायचे चार महिने दहा दिवस, संपली आणि आठवड्यात भावाचा फोन आला. "मंगळवारी बारामतीला ये. हक्कसोडाचं उरकून टाकू."

हक्कसोड म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला वाटा बहिणीनं भावाला राजीखुशीनं सोडल्याचा कागद. आमच्याकडं ही राजीखुशी एका साडीत आणि हॉटेलातल्या एका जेवणात मिळते. सर्वधर्मसमभाव बघायचा असेल, तर त्या नोंदणी कार्यालयाच्या बाकावर जाऊन बसावं. सगळ्या जातीधर्मांच्या बहिणी मांडीवर साडीचा खोका घेऊन नंबराची वाट बघत असतात.

साक्षीदार म्हणून भावाच्या शेजारचे तात्या आले होते, डाळिंबाचे मोठे बागायतदार. मुसलमान बायकांबद्दल त्यांना भारी कळवळा. "बाई, तुमच्यात बायकांवर लई अन्याव हुतो," असं मला नेहमी ऐकवतात. त्यांच्या तिन्ही बहिणी गेल्या साली याच बाकावरून सह्या करून गेल्या होत्या. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ना, तात्यांना तर ते चष्म्याशिवाय दिसायचं.

अम्मा आधीच येऊन बसली होती. भावानं घेतलेली नवी साडी तिच्या अंगावर होती. तिचाही अंगठा घ्यायचा होता. माझी साडी अजून खोक्यात होती.

मी पर्समधून तो छापील कागद काढला आणि भावापुढं धरला. "ही सही तूच घेतलीस. धर्मानं वाटा दिलाय आणि मी समाधानी आहे. भावाच्या निम्मा, तेवढाच दे. संविधानातली बरोबरी मी मागतच नाही."

हात दाखवून अवलक्षण कसं होतं ते मी त्याच्या तोंडावर बघितलं. तो कागदाची घडी घालायला लागला. मग हळूच म्हणाला, "आपा, त्यो कागद सरकारसाठी हुता. घरासाठी न्हाय."

"मग घरासाठी काय आहे?"

"घरात रीत हाय. गावात कुठली बहीण वाटा नेती? तात्या, सांगा की."

"रीत ती रीतच, बाई," तात्या म्हणाले. कळवळा बहुधा बागेत ठेवून आले होते.

सरकारनं विचारलं की धर्म पुढं करायचा, धर्मानं विचारलं की रीत, आणि रीतीला कुणी विचारलं की तात्या. बाईच्या हातात प्रत्येक वेळी साडीच. मला भावाची चीड आली. इतकी वर्षं फळ्यावर कलमं लिहिणाऱ्या स्वतःचीही आली.

"मी सही करत नाही," मी म्हणाले.

"म्हंजी माहेर तोडती व्हय?"

याच प्रश्नाला मी इंदापूरपासून भीत आले होते. माहेर म्हणजे आता अम्माच, आणि अम्मा राहणार भावाकडं.

तेवढ्यात कारकुनानं अम्माला टेबलाशी बोलावलं. तिच्या अंगठ्याला शाई लावून झाली होती. जन्मभर "भावाचं भावाला" म्हणत आलेली ती बाई, सुप्याच्या माहेरात स्वतःचा वाटा सोडून आलेली. अंगठा तसाच वर धरून तिनं मला विचारलं, "नवऱ्यामागं बायकोला बी धर्मानं काय दिलंय का गं?"

"आठवा हिस्सा."

"कवापासनं?"

"चौदाशे वर्षं झाली, अम्मा."

अम्मानं भावाकडं बघितलं. मग अंगठ्याची शाई तिनं त्या नव्या साडीच्या पदराला नीट पुसली, आणि मला म्हणाली, "इंदापूरची यष्टी कितीला हाय?"