रूट बिअरमधली बिअर

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय – तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणूनच असेल.

आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. मी इथे अमेरिकेत, शॉमबर्गला, आणि माझा धाकटा भाऊ निखिल गाडीने दहा मिनिटांवर. आई माझ्याकडे राहणार, हे मी आधीच ठरवून टाकलेलं. तिची खोली लावली, बाथरूममध्ये बादली आणि तांब्या ठेवला. पण मी सकाळी ऑफिसला जायचे ती अंधार पडल्यावरच परत यायचे. निखिलची बायको मृणाल मात्र घरी असायची. तिच्या व्हिसावर तेव्हा नोकरी करता येत नव्हती. ती रोज यायची आणि आईला आपल्या घरी घेऊन जायची.

सुरुवातीला मला बरं वाटलं. खरंच वाटलं? – हो, आठवडाभर तरी.

मग संध्याकाळी जेवताना आईच्या तोंडी सारखी मृणाल. मृणालने लायब्ररीत नेलं, मृणालने केस कापून दिले. आणि सांगताना आई हसायची – मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझ्याबरोबर ती कधी तशी हसली नव्हती.

इथे मला बाबांबद्दल सांगावं लागेल. बाबा प्यायचे. रोज. निखिल लहान होता, त्याला लवकर झोपवलं जायचं. मागे राहायचो आई आणि मी. बाबांचे बूट मी काढायचे, फरशी आई पुसायची. एकमेकींशी बोलायचो नाही, पण आम्ही दोघी एका बाजूला होतो. ते नातं माझं होतं – फक्त माझं. बाबा गेल्यावरही ज्या लग्नात दारू असेल तिथे आई पाणीसुद्धा घेत नसे. मृणालला यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या घरात तो विषय कुणी काढतच नाही.

तर मृणालने कुठूनतरी रूट बिअरच्या अर्काची एक छोटी बाटली आणली. रूट बिअर हे इथलं लहान मुलांचं पेय, नाव तेवढं बिअर. पाण्यात साखर विरघळवायची, चमचाभर अर्क आणि चिमूटभर यीस्ट घालायचं, बाटल्या भरून उबेला ठेवायच्या. प्लॅस्टिकची बाटली दाबल्यावर कडक लागली की फ्रिजमध्ये.

एका शनिवारी मी आईला आणायला गेले, तर दोघी ओट्याशी उभ्या. आई नरसाळं धरून बाटल्या भरत होती. "अगं, याला तर पाठीला चोळायच्या मलमाचा वास येतो," आई म्हणाली, आणि मृणाल हसत हसत तिच्या खांद्यावर कलली. उरलेला अर्क आईने नारळाच्या वड्यांत घातला होता. वड्या तपकिरी झाल्या होत्या. मृणालने मला पहिली वडी दिली. छान झाली होती. मी म्हणाले, खोकल्याच्या औषधासारखी लागते.

निघताना मृणालने आधीच्या खेपेची एक गार बाटली आईच्या हातात दिली. गाडीत आई ती मांडीवर धरून बसली होती. म्हणाली, "पोटच्या मुलीनं केलं नसतं इतकं करते गं ती."

सिग्नल लाल होता. मी समोर बघत राहिले.

"आई, त्यात यीस्ट घालतात," मी म्हणाले. "त्यानं दारू तयार होते. नावातच बिअर आहे."

हे अगदीच खोटं नव्हतं. दारू होते, पण इतकी नावापुरती की कुणी तिला दारू म्हणणार नाही. पण ते मी सांगितलं नाही.

आईने मांडीवरची बाटली फिरवून पाहिली. मग म्हणाली, "मृणालला माहीत नसेल."

इथे मला थांबता आलं असतं. आईने वाट करून दिली होती मला – नाही का?

"तिला माहीत आहे," मी म्हणाले. "तुला सांगू नको म्हणाली मला. तुझी गंमत वाटते तिला."

घरी आल्यावर आईने बाटली सिंकमध्ये ओतली. फेस जाईपर्यंत नळ सोडून उभी राहिली. मग आंघोळ केली, डोक्यावरून.

सोमवारी मृणाल आली तेव्हा आईने गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशीही. मृणाल डबे आणून द्यायची, ते मी ऑफिसात नेऊन संपवायचे. शेवटी तिने मला फोनवर विचारलं, "ताई, माझं काही चुकलं का?" मी म्हणाले, "आईचा स्वभावच तसा आहे. मनावर घेऊ नकोस." किती सहज म्हणाले मी.

आई मृणालला काही विचारणार नाही, याची मला खात्री होती. आमच्या घरात तो विषय निघत नाही – त्यावरच तर माझी सगळी भिस्त होती.

आई माझ्याकडेच राहिली मग. दिवसभर खिडकीशी बसून. हसली नाही. ठरल्या तारखेच्या आधीच परत गेली.

गेल्या वर्षी ती आजारी पडली आणि आम्ही सगळे नागपूरला गेलो. खाणं जवळजवळ सुटलं होतं. मृणालने तांदळाची पेज केली, मीठ-तूप घालून, आणि चमचा आईच्या तोंडाशी नेला. आईने तोंड फिरवलं. मृणालने पुन्हा नेला. आईने डोळे मिटून घेतले. मृणाल वाटी स्टुलावर ठेवून बाहेर गेली. व्हरांड्यात तिचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

मी तीच वाटी उचलली. तीच पेज, तोच चमचा. "आई, मी आहे," म्हणाले. आईने डोळे उघडले, तोंड उघडलं आणि पेज घेतली. थोडी थोडी करून सगळी संपवली.

चार दिवसांनी आई गेली. मृणाल अजून मला ताई म्हणते.

पण मला सांगायचंय ते त्या वाटीबद्दल. आई माझ्या हातून खात होती, मृणाल बाहेर रडत होती, दार उघडं होतं, आणि एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. मी चमचा भरत राहिले. आणि मला बरं वाटत होतं.