खिडकीसमोरचा बाक

कादिरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिवेआगरच्या वाडीत सुपाऱ्या वाळत घालत होतो. ऐकलं, आणि उरलेल्या पसरून संपवल्या. रडू आलं नाही. पस्तीस वर्षांत ज्या माणसाशी एकदाही एकमत झालं नाही, त्याच्यासाठी रडायचं कसं, तेच कळेना.

ते श्रीवर्धनला दस्त लिहायचे, मी शाळामास्तर. समान नागरी कायद्याची बातमी आली की आमची जुंपायची. देश एक तर कायदा एक, असं माझं म्हणणं. तुमच्यात वारशात मुलीला मुलाच्या निम्मंच, हा कुठला न्याय? ते चहा बशीत ओतत म्हणायचे, "गुरुजी, निम्मंच का, याचं उत्तर माझ्याकडं नाही, कबूल. पण माझ्या बहिणीनं ते निम्मं घेतलं तरी. तुमच्यात तर बरोबरीचं. मग तुमच्या ताईंनी काय घेतलं?" मी विषय बदलायचो. ताईनं एक साडी घेतली होती.

बहिणीनं हक्कसोडपत्र करून द्यायचं आणि भावानं साडीचोळी करायची, ही आमच्याकडची रीतच. आमच्या वाडीसाठी ताईचं पत्रही कादिरभाईंनीच लिहिलं. पण सहीआधी भावाला बाहेर काढून बहिणीला एकटीला कागद वाचून दाखवायचा, ही त्यांची खोड. मलाही व्हरांड्यातल्या बाकावर धाडलं. मला भयंकर राग आला होता... सख्ख्या भावावर अविश्वास!

ते गेल्यावर त्यांच्या घरी भेटायला म्हणून ताई आगरदांड्याहून फेरीबोटीनं आली. परत सोडायला गेलो तेव्हा दिघीच्या धक्क्यावर सहज विचारलं, "त्या दिवशी आत काय बोलले गं?"

"म्हणाले, ताई, सही केली न्हाय तर माहेर तुटंल या भीतीनं करत असाल, तर आज घरी जा. गुरुजींना मी सांगतो कायतरी."

"मग केलीस का?"

ताई पाण्याकडं बघत म्हणाली, "तू समोर बाकावर बसलेलास. खिडकीतनं माझ्याकडंच बघत होतास."

लाज वाटली. वादात इतकी वर्षं मी जिंकत होतो असं मला वाटायचं.

निम्मी वाडी ताईच्या नावे करायला गेल्या आठवड्यात तिला घेऊन श्रीवर्धनला गेलो. कादिरभाईंच्या खुर्चीवर आता त्यांची मुलगी नसीम बसते. मसुदा लिहून झाला तशी म्हणाली, "काका, तुम्ही जरा बाहेर बसा. ताईंना वाचून दाखवते."

बाक तिथंच होता. बसलो, खिडकीकडं पाठ करून.